तानुबाईचा भात

पिरनवाडीत, खानापूरकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला सत्याप्पाचं तीन खोल्यांचं घर होतं. सत्याप्पा बेळगावात पोस्टात कारकून. घरात त्याची बायको जयाबाई आणि आई तानुबाई. १९७९ साली तानुबाई छप्पन्न-सत्तावन्न वर्षांची असेल. नेमकं सांगता येत नाही, कारण तिच्या जन्माची नोंद कुणी ठेवली नव्हती. पोस्टातल्या कारकुनाची आई, पण वय विचारलं की म्हणायची, "माज्या भावापेक्षा दोन पावसाळं मोठी." आणि भाऊ कधीच वारलेला.

या घरात तिन्हीत्रिकाळ भात शिजायचा. सकाळी फोडणीचा, दुपारी आमटीबरोबर, रात्री ताक घालून. जयाबाई निपाणीकडची, म्हणजे जोंधळ्याच्या भाकरीवर वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं हौसेनं भाकरी थापल्या. सासूनं सत्याप्पाच्या ताटात वाढू दिल्या, स्वतःच्या ताटात नाही. "तू खा गं बाई, तुझ्या माहेरचं हाय. मला भात वाढ," म्हणाली. ताटात भाताची रास पडली की तानुबाई हात लावण्याआधी क्षणभर त्या राशीकडं बघत बसायची. जयाबाईला ते लाडाचं वाटायचं. म्हातारी माणसं पोराटोरांसारखी होतात, असं ती मनाशी म्हणायची.

पण ते लाड नव्हते. त्याची हकिकत सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

खानापूरच्या पलीकडं, रानाला लागून तानुबाईचं गाव. सगळी भातजमीन. दहाव्या वर्षापासून ती गुडघाभर चिखलात उतरून रोप लावत आली. लावायचं हिनं आणि शिजायचं दुसऱ्याच्या घरात. मजुरीला नाचणी मिळायची, तीही मोजून-मापून. घरात सहा तोंडं. भाकरी थापायची तर पीठ एका वेळेलाच संपायचं, म्हणून मूठभर पीठ पाण्यात कालवून आंबील व्हायची आणि वाडगा-वाडगा सगळ्यांना पुरायची. भाकरी यायची ती गावातून, नाचणीचीच आणि निवलेली. गावाबाहेरच्या त्यांच्या वस्तीकडं गावकीच्या कामाची पाळी होती. मेलेलं ढोर ओढायचं, सांगावा पोचवायचा, लाकडं फोडायची, आणि त्याबद्दल संध्याकाळी बांबूची बुट्टी घेऊन दारोदार भाकरी मागायची. हाक दिली की आतली बाई उंबऱ्याशी यायची आणि हात लागणार नाही इतक्या उंचावरून तुकडा बुट्टीत टाकायची. मोठ्या घरची थोरली सून नागुबाई तेव्हा नवी नवरी होती, तानुबाईपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. तिचाही हात वरच असायचा.

छप्पन्न साली नागपूरला दीक्षा झाली आणि वर्षभरात ती हवा या वस्तीपर्यंत आली. सगळ्या घरांनी मिळून ठरवलं : गावकी बंद, भाकरी मागणं बंद. तानुबाईनं बुट्टी मोडून चुलीत घातली. गंमत अशी की त्या दिवशी चुलीवर ठेवायला घरात काही नव्हतं. नुसतं पाणी तापवलं. दहा वर्षांच्या सत्याप्पाला जवळ घेऊन ती म्हणाली, "आजपास्नं ह्या घरात नाचणीचा दाणा येणार न्हाय. उपाशी मरू, पर न्हाय."

आणि बाई बोलून थांबली नाही. पुढच्या पावसाळ्यात नागुबाईच्या सासऱ्याच्या शेतात लावणीला बायका उतरल्या. रोपाच्या पेंढ्या उपटून पडल्या होत्या, पाणी भरलं होतं, आणि ऐन दुपारी तानुबाई बांधावर जाऊन बसली. "भात लावतोय तर मजुरीला भातच घेणार. नाचणी घेणार न्हाय." एकेक करून चौदा बायका तिच्यामागं बांधावर आल्या. म्हातारा शिव्या देत राहिला. पण उपटलेलं रोप काय कुणाची वाट बघतं! सूर्य कलायच्या आत त्यानं कबूल केलं. त्या संध्याकाळी तानुबाईनं घरी भात शिजवला, मिठाबरोबर वाढला, आणि सत्याप्पा जेवत असताना ती नुसती बघत बसली. पुढं नवरा गेला, पोराला खानापुरात मॅट्रिक केलं, नोकरी लागली, पिरनवाडीत घर झालं. जगात तिला जे काही मिळालं ते तिच्या हिशेबी त्या भातापासून सुरू झालं होतं.

तर अशा बाईला साखरेच्या आजारानं गाठलं.

आधी तहान लागायला लागली. मग रात्रीत चार-चारदा उठणं. मग नव्या चपलेनं उजव्या पायाचा अंगठा घासला, फोड आला, फुटला, आणि महिना झाला तरी भरेना. सत्याप्पानं खासबागेतल्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाई कानडी, मराठी मोडकं पण बोलणं गोड. त्यांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकले आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळलं. निळं औषध हिरवं झालं, पिवळं झालं आणि शेवटी पक्कं विटकरी झालं.

"साखर भाळ आहे अज्जी, खूप आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "निळं राहिलं की चांगलं. वीट दिसली की वाईट. ही गोळी घ्या. गोड बंद. आणि पाय रोज धुवायचा, कोरडा करायचा."

घरात कडक कायदा सुरू झाला. साखर बंद, गूळ बंद, चहा फिका. सत्याप्पानं नळी आणि निळ्या औषधाची बाटली घरीच आणून ठेवली. रोज सकाळी स्टोव्हवर नळी धरायची आणि तिघांनी श्वास रोखून रंग बघायचा. आणि आता आजारी माणूस म्हटल्यावर सासूला जड अन्न कसं द्यायचं? शेजारपाजारच्या बायकांनी जयाबाईला सांगितलं, पेज दे. खानापूरकडं आजारी माणसाला पेज द्यायची नाही तर काय द्यायचं! तापात पेज, बाळंतपणात पेज, म्हातारपणात पेज. जयाबाईनं तांदूळ मऊ-मऊ शिजवून, घोटून, मीठ घालून दिवसातून चार वेळा वाटीभर पेज सासूच्या हातात द्यायला सुरुवात केली. तानुबाईही खूश. भातच तो, थोडा पातळ इतकंच.

नळी मात्र रोज विटकरी. दहा दिवस झाले, पंधरा झाले. घरात गोडाचा कण नाही आणि नळी लालच्या लाल. सत्याप्पा आईवरच संशय घ्यायला लागला. "आये, शेजारी जाऊन चहा पितीस काय गं?" म्हातारीला ते फार लागलं. "चोरून खायला मी काय मांजर हाय?" म्हणून ती दिवसभर बोलली नाही.

पुन्हा खासबाग. डॉक्टरीणबाईंनी पाय बघितला, आणि त्यांचा हसरा चेहरा बदलला. अंगठ्याची जखम आता काळसर दिसत होती.

"अज्जी, जेवण काय करता? खरं सांगा."

जयाबाईनं मोठ्या अभिमानानं पेजेचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला.

"अय्यो! पेज म्हणजे साखरच की! मऊ शिजवलं, घोटलं, पोटात गेलं की लगेच रक्तात साखर. अज्जी, तुम्ही चूल पेटवता ना? पिंजार घातलं तर काय होतं?"

"भडका उडतोय. आन लगेच इझतोय," तानुबाई म्हणाली. भाताचं पिंजार तिला कुणी शिकवायला नको होतं.

"आणि शेणी?"

"शेणी दमानं जळती."

"हां! तुम्हाला शेणीसारखं जेवण पाहिजे. दमानं जळणारं. नाचणीची भाकरी, जाड. आंबील नाही, भाकरी. तिच्याबरोबर हुलग्याची उसळ, पालेभाजी. भात एक मूठ, रोज नाही. गोळी आहेच. पंधरा दिवसांनी या. जखम अशीच राहिली तर..." त्या सत्याप्पाकडं बघून म्हणाल्या, "अंगठा काढावा लागेल. मग कदाचित पाऊलही."

शेणीचं म्हातारीला तिथल्या तिथं पटलं. पण नाचणीचं नाव ऐकलं आणि तिचा चेहरा दगडाचा झाला. "दुसरं काय बी सांगा," एवढंच बोलली.

घरी आल्यावर जयाबाईनं समजूत घालायचा प्रयत्न केला. नाचणी नको तर जोंधळ्याची भाकरी खा म्हणाली. ती दोन दिवस चालली. पण भाकरी झाली तरी शेवटी भाकरीच. तिसऱ्या दिवशी म्हातारीनं ताट सरकवलं. "ज्यासाठी जल्मभर झगडले, त्येच तुमी माझ्या ताटातनं काढालाय," म्हणाली, आणि स्वतः उठून लंगडत जाऊन भात वाढून घेतला. जयाबाई डोळे पुसत परसात गेली. तिचं काय चुकलं होतं बिचारीचं! सासूचंही चुकलं होतं असं मला म्हणवत नाही. हट्ट असतात आणि हट्ट असतात.

सत्याप्पा रोज कचेरीला जायच्या आधी आईचा पाय कोमट पाण्यात धुवायचा. पाय मांडीवर घेऊन, बोटांच्या मधे-मधे टिपून, औषध लावून पट्टी बांधायचा. एके सकाळी तो पट्टी बांधत होता, आणि तानुबाईच्या लक्षात आलं की तो अंगठ्याभोवती पट्टी नुसती गुंडाळतच राहिलाय.

"रडालास व्हय रं?" तिनं विचारलं.

"न्हाय," तो म्हणाला, आणि मग रडायलाच लागला. तिशी ओलांडलेला कारकून माणूस, आईचा पाय मांडीवर घेऊन. "आये, बुट्टीतली भाकरी खाऊनच मी जगलो. ती भाकरी वाईट न्हवती गं. देणाऱ्याचा हात वर हुता, एवढंच. त्या हाताचा राग तू नाचणीवर कशाला काढालीस?"

तानुबाई बराच वेळ त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. या पोरासाठीच तर सगळं केलं, आणि आज त्यालाच आपण रडवतोय, हे तिच्या मनात घर करून राहिलं. पण तोंडानं तिनं एवढंच म्हटलं, "मग त्यो हात खाली आणून दाव."

आता हा काय कारकुनाच्या हातचा विषय! पोस्टात असा अर्ज करायची सोय नव्हती. पण रविवारी सत्याप्पा बाजारात गेला, हट्टानंच नाचणी घ्यायला. आई खाईल तेव्हा खाईल, घरात तर असू दे, असा विचार. संध्याकाळी परत आला तो वेगळाच चेहरा करून.

"आये, बाजारात कोण भेटलं ठाव हाय? नागुबाई. आपल्या गावची, थोरल्या घरची. नाचणीचं पोतं घिऊन बसलीती."

"तिच्यावर आता बाजारात बसायची पाळी आली?"

"पोरं येगळी झाली म्हणं. तुझं इचारलं. तुझ्या पायाचं सांगितलं तर लई हळहळली. नाचणी फुकट देत हुती. मी घेतली न्हाय फुकट. पैसे मोजून दिले."

"बरं केलंस."

"मग म्हणाली, नाचणी घिऊन काय करशील? तुझ्या बायकोला नाचणीची भाकरी येती व्हय?"

जयाबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, "न्हाय येत." खोटं कशाला बोला. नाचणीच्या पिठाला जोंधळ्यासारखं मळलं तर ते ऐकत नाही; चिरा पडतात, तव्यावर टाकेपर्यंत हातातच तुकडे होतात. आणि तानुबाईलाही येत नव्हती. नाचणी घरात होती तोवर तिनं आंबीलच केलेली, भाकरी थापण्याएवढं पीठ हाताला कधी लागलंच नव्हतं.

"तर म्हणाली," सत्याप्पा जरा अडखळला, "गुरवारी मी येते. करून दावते."

तानुबाई भिंतीकडं बघत बसली. तिच्या डोळ्यांपुढं काय आलं असेल ते सांगायला नको. मग ती हळूच म्हणाली, "यू दे. पर एक सांग तिला. नुसती करून दिऊन गेली तर मी शिवणार न्हाय. माझ्या घरात, माझ्यासंगं बसून खाणार असली तर यायचं. न्हायतर गावातच ऱ्हा म्हणावं."

सत्याप्पानं गावाकडं जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर निरोप धाडला. तोही शब्दाला शब्द, आईनं सांगितला तसाच. आई वारंवार विचारत होती, "तसंच सांगितलंस न्हवं? मऊ करून न्हाय न्हवं सांगितलंस?"

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. तानुबाईचा अंगठा राहिला. गोळ्या होत्या, सत्याप्पाचं रोजचं पाय धुणं होतं, आणि ताटात दमानं जळणारं जेवण होतं. नळी आधी पिवळी झाली, मग हिरवी, आणि अडीच महिन्यांनी एका सकाळी निळीच्या निळी राहिली. जखमेवर गुलाबी कातडी आली. डॉक्टरीणबाईंनी पाठीवर थाप मारली. पुढं अकरा वर्षं तानुबाई दोन्ही पायांवर चालली. पण त्या गुरुवारी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. त्या गुरुवारी नागुबाई येते की नाही इथपासून प्रश्न होता.

दहाची खानापूरची बस गेली. ती आली नाही. तानुबाई दाराकडं पाठ करून बसली, जशी काही कुणाची वाट बघतच नाही. अकराची गाडी थांबली आणि डोक्यावर पिठाचं गाठोडं घेऊन एक पिकल्या केसांची बाई दारात उभी राहिली. उंबऱ्याच्या बाहेर. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. वीस वर्षांत दोघी म्हाताऱ्या झाल्या होत्या.

"आत ये की," तानुबाई म्हणाली. "उंबरा काय चावत न्हाय."

नागुबाई आत आली. जयाबाईनं तांब्या-भांडं पुढं केलं. नागुबाईनं भांड्यात पाणी ओतलं, तोंडाला लावलं आणि घटाघटा प्याली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "घरात सांगून आलेय. आमचं मालक दोन दिस बोललं न्हाईत. बरंच झालं, कानाला इसावा."

तानुबाईला हसू आलं. तिनं ते दाबायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

नागुबाई चुलीपुढं बसली. आधणाच्या पाण्यात पीठ टाकलं, उलथन्यानं हलवलं, झाकण ठेवलं. वाफ जिरल्यावर परातीत घेऊन गरम-गरमच मळलं. जयाबाई शेजारी बसून बघत होती. "पाणी आधी तापवायचं गं बाई," नागुबाई तिला म्हणाली. "नाचणी लई मानी. थंड पाण्यानं ऐकत न्हाय." परातीत पीठ भुरभुरून तिनं जाड भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, आणि निखाऱ्यावर धरली. भाकरी टम्म फुगली. सगळ्या घरात भाजल्याचा वास सुटला.

थापता-थापता, मान वर न करता ती म्हणाली, "तानू, मी भाकरी टाकायची तवा माझी सासू मागं उभी असायची. हात खाली गेला की चिमटा काढायची. पर सासू मेली, तवा बी मी हात खाली केला न्हाय. त्ये माझंच."

'असू दे' म्हणणं सोपं होतं, पण तानुबाईला ते खोटं वाटलं. नागुबाईलाही तशी अपेक्षा नसावी. ती पुन्हा पीठ मळायला लागली.

दोन पाट शेजारी-शेजारी मांडले होते. जयाबाईनं दोन ताटांत हुलग्याची उसळ वाढली, मेथीची भाजी वाढली, कांदा ठेवला. नागुबाईनं पहिली भाकरी दोन्ही हातांत धरून आणली आणि खाली वाकून, जमिनीला टेकलेल्या तानुबाईच्या ताटात ठेवली. मग येऊन शेजारच्या पाटावर बसली.

सत्याप्पानं त्या दिवशी रजा काढली होती. तो दारात उभा राहून बघत होता. तानुबाईनं भाकरीला हात लावला आणि झटकन मागं घेतला. बोटं भाजली होती. तिनं पुन्हा हात लावला, तुकडा मोडला. आतून वाफ आली. तो तुकडा ती कितीतरी वेळ हातात घेऊन बसली. मग तोंडात घातला, सावकाश चावला, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"काय झालं, आये?" सत्याप्पा घाबरून पुढं आला. "आवडत न्हाय तर ऱ्हाऊ दे."

"न्हाय रं," ती म्हणाली. "सत्या, ही गरम असती व्हय?"

नागुबाईनं पदर तोंडाला लावला. जरा वेळानं ती उठली, चुलीवरची दुसरी भाकरी घेऊन आली आणि आपल्या ताटात ठेवली. तानुबाईनं डोळे पुसले, शेजारच्या ताटात हात घातला, ती भाकरी मधोमध मोडली, आणि अर्धी नागुबाईच्या हातात दिली.

"खा," ती म्हणाली. "निवली म्हंजे मजा न्हाय."